रंग न धरणारी लोकर

दोन पेले मांडायचे, एकाच चहादाणीतून भरायचे.
एकात थर्मामीटर, दुसरा त्यांच्या हातात.
"प्यायजोगा झाला की सांगा," म्हणायचं,
त्यांनी ओठ लावला की आकडा लिहायचा.
एवढंच माझं काम.
कास्पियनच्या पूर्वेला, गवताळ माळावरची सोळा तुर्कमेन गावं,
आणि प्रत्येक घरात माणशी एक चहादाणी.
पासष्ट. सदुसष्ट. अठ्ठावन्न (हा नवा जावई, लाजत होता).
एका म्हाताऱ्याने बाहत्तरला घोट घेतला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जणू कुस्ती मारली.

माझ्या आईचा आकडा वहीत नाही.
घरचं माणूस मोजायचं नाही, असा नियम होता
की तो मीच केला होता, आता आठवत नाही.

आईचं नाव ओगुलगेरेक.
म्हणजे 'मुलगा हवा'.
मुलींवर मुली झाल्या की आमच्यात हे नाव ठेवतात.
हवा होता तो मुलगा दोन वर्षांनी आला,
नाव मात्र तिच्याकडेच राहिलं.
अशी बाई बोलत नाही, गिळते.
सासूचे शब्द, नवऱ्याची अफू,
पाळण्यातून परत गेलेली दोन बाळं,
सगळं तिच्या घशाखाली उतरलं.
अडला तो तंदुरातल्या रोटीचा तुकडा.

रोटी ती चहात बुडवून खाऊ लागली.
मग भात. म्हणाली, तांदूळ यंदा जाड निघाला.
मग शोरब्यातलं मांस नातवाच्या ताटात.
आम्ही उठल्यावर ती जेवायला बसायची
आणि सोळा गावांच्या घशांची नोंद ठेवणारी मी,
मला वाटायचं, सवय आहे तिची.
हातातलं चांदीचं कडं
कोपरापर्यंत सरकायला लागलं
तेव्हा मी तिला गोंबदला नेलं.

डॉक्टरणीने नळी घातली, दिवा घातला,
आत आयोडीन फवारलं.
"बघ," पडदा माझ्याकडे वळवून ती म्हणाली,
"धडधाकट जागा तपकिरी होते.
दुखणं जिथे आहे ती रंग घेत नाही."
वीतभराहून थोडी लांब ही वाट.
मी गावोगाव चित्र दाखवून सांगितलेलं:
अन्ननलिका सोशिक असते,
निम्म्याहून जास्त बुजेपर्यंत घास पुढे ढकलत राहते.

त्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.
परतीच्या बसमध्ये मी फक्त आयोडीनचं सांगितलं.
ती खिडकीबाहेर बघत होती. कापूस वेचून झाला होता.
"म्हणजे मेलेल्या मेंढीची लोकर," ती म्हणाली.
"मंजिष्ठात तीन दिवस उकळ, पांढरी ती पांढरीच.
चांगल्या लोकरीत मूठभर मिसळली
तर मागावर चढेपर्यंत कळत नाही."
दोन थांबे गेले.
"किती विणून झालाय?"
बराच, मी म्हणाले.

जाळीची नळी बसवली. पातळ तेवढं उतरायचं.
कोमट चहाला ती भांड्यांचं धुवण म्हणायची,
तरी पेला रिकामा करायची.
एकदा विचारलं, "चहानेच झालं का गं?"
मी म्हणाले, चहाही असेल, घरातला धूर असेल,
भाजीवाचून गेलेले हिवाळे, रक्तातलं काही.
आकडे गावाचे असतात, आई,
एका माणसाचे नसतात.
"म्हणजे तुलाही ठाऊक नाही," ती म्हणाली,
आणि का कोण जाणे, तिला बरं वाटलं.

मी अजून जाते. दोन पेले, एक थर्मामीटर.
पण आधी विचारते, घरात सगळ्यांच्या मागून कोण जेवतं?
फॉर्मात हा प्रश्न नाही. समासात लिहिते.
काल एक सून पटकन म्हणाली,
"सासूबाई. पण त्यांना तसंच आवडतं."
मी थर्मामीटर पिशवीत ठेवला.
म्हटलं, चहा राहू दे.
त्यांना बोलव.